स्टुटगार्टहून आईस

स्टुटगार्ट, 28 ऑक्टोबर 2025

ती. आईस सा. न.

परवा रविवारी इथली घड्याळं एक तास मागे घेतली. आता आपल्यात साडेचार तासांचा फरक. तू रात्री आठला निवांत होतेस तेव्हा माझे ऑफिसातले साडेतीन वाजलेले असतात. फोनवर घाईघाईत सगळं राहून जातं, म्हणून हे पत्र.

शहर टेकड्यांच्या मधोमध आहे. उतारांवर द्राक्षमळे, अगदी मुख्य रेल्वे स्टेशनच्या डोक्यावरसुद्धा. वर राहणाऱ्यांसाठी दगडी पायऱ्यांच्या वाटा आहेत, शहरभर चारशेच्या वर. माझं घर अशाच एका वाटेवर आहे, त्यामुळे बटाट्याची पिशवी घेऊन चढताना सांगलीची सपाट गल्ली फार आठवते.

घर मिळालं की दोन आठवड्यांत सरकारी कचेरीत पत्ता नोंदवायचा, सोबत घरमालकाचं सहीचं पत्र. ती नोंद झाली की कराचा क्रमांक पोस्टानं घरी येतो. बँकेचं कार्ड वेगळ्या पाकिटात, त्याचा पिन आणखी तिसऱ्या पाकिटात. टपालपेटीवर आडनाव नसेल तर टपाल परत जातं. म्हणून मी सामान उघडण्याआधी नावाची चिठ्ठी चिकटवली. रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना 18.36 युरो, प्रत्येक घरामागे. टीव्ही असो वा नसो.

तुझी,
धाकटी

स्टुटगार्ट, 14 डिसेंबर 2025

ती. आईस सा. न.

तू विचारलंस, करमतं का? अंधाराचं विचारत असशील तर नाही करमत. सकाळी आठला जेमतेम उजाडतं, साडेचारला सूर्य गेलेला असतो. आणि रविवार! दुकानं बंद. मोठं स्टेशन आणि सकाळची बेकरी सोडली तर दूधही मिळायचं नाही. रविवारच्या विश्रांतीला इथे थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. त्या दिवशी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत फोडायच्या नाहीत. पहिले काही रविवार मला ती शांतता सहन होत नव्हती. आता शनिवारी सामान भरून ठेवते आणि रविवारी टेकडीवरून रानात चालायला जाते. अख्खं गाव तिथेच भेटतं, आजोबांपासून बाबागाडीतल्या बाळापर्यंत, आणि प्रत्येक जण ‘ग्रुस गॉट’ म्हणून पुढे जातो.

एक गोष्ट तुला नक्की आवडेल. ‘केअरवोखं’ म्हणजे झाडलोटीचा आठवडा. इमारतीतल्या घरांची पाळी असते. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी लागते. त्यानं जिना पुसायचा, पुढचा फुटपाथ झाडायचा. 1988 पर्यंत हा शहराचा कायदाच होता. आता भाडेकरारात लिहिलेलं असतं. आमच्याकडे बर्फ पडला की पाळीवाल्यानं सकाळी सातच्या आत फावड्यानं वाट मोकळी करायची, म्हणजे रस्त्यानं जाणारा कुणी घसरणार नाही.

ऑफिसातले काही आपले लोक म्हणतात, इथली माणसं थंड, नियमांवर बोट ठेवणारी. मला ते पटत नाही. माझ्या दारावर पाटी लागली त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी स्वतःहून वर आल्या. बादली कुठे असते, पोछा कसा पिळायचा, तळघराची किल्ली कोणती, सगळं दाखवलं. तोवर आमचं बोलणं नमस्कारापुरतं होतं. काम वाटून घेतल्याशिवाय हे लोक जवळ येत नाहीत, पण एकदा पाळीत घेतलं की तुम्ही इमारतीचे. माझ्या मते ही मायाच आहे, फक्त बोलकी नाही. बोलक्या मायेची सवय असलेल्या आपल्याला ती ओळखायला वेळ लागतो.

दारं मात्र कायम बंद असतात. न कळवता कुणी येत नाही, याचं दुःख मला अजून होतं आणि होत राहील.

तुझी,
धाकटी

स्टुटगार्ट, 22 मार्च 2026

ती. आईस सा. न.

पाडव्याला गॅलरीत गुढी उभारली. आजींनी विचारलं, मी सांगितलं; त्यांनी दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं. इथलं आवडीचं जेवण म्हणजे शिजवलेल्या मसुरात पिठाच्या घरगुती शेवया, वर थोडं व्हिनेगर. सोबतचा सॉसेज मी वगळला. पहिल्याच घासाला तुझ्या चकोल्या आठवल्या. मी घरून गोडा मसाला नेला होता, त्यांनी तो चिमूटभर टाकून पाहिला आणि पुन्हा मागितला.

पाणी-सरबताच्या रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकल्या की एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट परत मिळतात. बाहेर असले की लोक त्या कचरापेटीत न टाकता बाजूला ठेवतात, म्हणजे त्या वेचणाऱ्या गरजूला पेटीत हात घालावा लागत नाही. मीही तसंच करते.

आता तुझ्या येण्याचं. मेमध्ये ये, रात्री नऊपर्यंत उजेड असतो. सिटी बस, ट्राम आणि देशभरच्या साध्या गाड्यांना मिळून महिन्याचा पास 63 युरोंना आहे, तो मी काढेन. व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो आणि त्याला किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. निमंत्रणाचे कागद मी पाठवते, पण विमा तिकडेच काढ. दादाला या आठवड्यातच व्हिसाच्या अर्जाची तारीख घ्यायला सांग, तारखा भराभर संपतात.

तुझी,
धाकटी