अकोले ते जामखेड, आयपीसेकच्या टनेलमधून

आयपीसेक नेटवर्कच्या थरावर, म्हणजे थेट आयपी पॅकेटवर काम करते. ब्राउझरमधले कुलूप त्या एका संकेतस्थळापुरते असते. आयपीसेक दोन राउटरांमधली ठरवून दिलेली सगळीच वाहतूक एन्क्रिप्ट करते आणि वरच्या सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही लागत नाही. तिची पहिली मानके १९९५ची. आजची मूळ रचना २००५च्या आवृत्तीतली.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुक्यांचा, आणि सहकारी बँका-पतसंस्थांनी विणलेला. समजा, अशा एका बँकेची एक शाखा अकोले तालुक्याच्या डोंगरात, दुसरी जामखेडला, मुख्य कार्यालय नगर शहरात. प्रत्येक शाखेला लीज लाइन परवडत नाही. मग साध्या ब्रॉडबँडवर किंवा सिमवर टनेल उभा राहतो. मूळ पॅकेट पत्त्यांसकट एन्क्रिप्ट होते आणि त्यावर दोन टोकांच्या राउटरांचे पत्ते चढतात. वाटेतल्या इंटरनेट कंपनीला एवढेच दिसते, की ही दोन टोके बोलत आहेत. किती आणि केव्हा, तेही.

त्याआधी दोन्ही राउटर सामायिक चावीने किंवा प्रमाणपत्राने एकमेकांची ओळख पटवून यूडीपीच्या ५०० क्रमांकाच्या पोर्टवर चाव्या ठरवतात. शाखा सिमवर असेल तर मधल्या नॅटमुळे, म्हणजे वाटेत पत्ते बदलले जात असल्यामुळे, बोलणे ४५०० वर सरकते.

सर्वांत फसवा बिघाड पॅकेटच्या आकाराचा. इथरनेटच्या १५०० बाइटांतले साधारण पन्नास ते ऐंशी बाइट आयपीसेक स्वतःच घेते. पिंग जाते, लॉगिनचे पान उघडते, आणि मोठा रिपोर्ट मागितला की सगळे थांबते. शाखेतून फोन येतो, ‘लिंक आहे, पण सिस्टीम हँग आहे.’ दोष सॉफ्टवेअरवर ढकलला जातो. टीसीपीचा सेगमेंट १३६० बाइटांच्या आसपास बांधला की बहुतेकदा काम सुरू होते. दुसरा त्रास घड्याळाचा. वीज गेल्यावर स्वस्त राउटर जुन्या तारखेला उठतो, त्याच्या लेखी प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नसते, आणि टनेल उभा राहत नाही. वेळ देणारा सर्व्हर टनेलच्या पलीकडे ठेवला, तर ही गाठ सुटतच नाही.

टनेल फक्त वाट झाकतो, टोके नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा हल्लेखोर बँकेच्या यंत्रणेतच शिरले होते. तिथे वाटेवरच्या एन्क्रिप्शनचा उपयोग नसतो.

शाखेतला राउटर हेही असेच एक टोक. सोयीसाठी सगळ्या शाखांना एकच सामायिक चावी दिली, तर भंगारात गेलेला एक राउटर कोणत्याही शाखेचे सोंग घेऊ शकतो, आणि चावी सगळीकडे बदलावी लागते. शाखागणिक वेगळे प्रमाणपत्र हाच खरा उपाय. काम वाढते, तरीही. राउटर बदलताना जुन्यातली चावी आधी पुसा आणि मुख्य कार्यालयात त्याचे प्रमाणपत्र त्याच दिवशी रद्द करा.