वीस ग्रॅमचं पस मॉथ

विमान उडत नसेल तर मोटर मोठी लावायची, असं माझ्या भाच्याचं साधं सरळ म्हणणं होतं. खोटं कशाला बोलू, बहुतेकांचं तेच असतं. ऑफिसात सर्व्हर हळू चालला की आम्हीही आधी रॅम वाढवतो, कोडकडे कोण बघतंय! पण हाताच्या पंज्यावर मावणाऱ्या रेडिओ कंट्रोल विमानात ही युक्ती चालत नाही. मोठ्या मोटरला मोठी बॅटरी लागते, तिचं वजन पेलायला पंख दणकट करावा लागतो, आणि मग ती मोठी मोटरही पुरत नाही. पंख तेवढाच ठेवून वजन दीडपट केलं, तर नुसतं हवेत टिकून राहायला लागणारी ताकद दीडपट होत नाही, ती १.८४ पट होते. इंजिनिअरिंगला हे समीकरण मी चार मार्कांसाठी लिहिलं होतं. हिंगोलीत, आमच्या पडवीत, ते पहिल्यांदा कामाला आलं.

(पुण्यात अजूनही "हिंगोली म्हणजे नांदेडजवळ ना?" असं विचारतात. हो, तेच. १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. असो.)

तर झालं असं. यंदाच्या मे महिन्यात लॅपटॉप घेऊन तीन आठवडे घरून काम करायला गेलो होतो. ताई गावातच राहते. तिच्या मुलाची दहावी झालेली, आणि जूनमध्ये तो लातूरला अकरावी आणि क्लासला जाणार हे ठरलेलं. म्हणजे ताईचं ठरलेलं. आमच्या भागात हुशार पोराचं हे असंच ठरतं. पोराच्या हातात एक महिना होता आणि एक मोडका खेळण्यातला ड्रोन, ज्याच्या चारपैकी दोन मोटरी अजून फिरत होत्या. "मामा, याचं विमान होईल का?"

होईल म्हटलं. पण कुठलं? मी म्हटलं, पस मॉथ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, ते या विमानातून. वर एक सरळ पंख, त्याला खालून तिरके टेकू, पुढे एक इंजिन. नवशिक्याला याहून सोपं रूप नाही. मूळ पंखाचा विस्तार ११.२ मीटर. आम्ही अठ्ठाविसावा हिस्सा धरला, म्हणजे ४० सेंटिमीटर.

इथे खरी गंमत आहे. लांबी २८ पटीने कमी केली की पंखाचं क्षेत्रफळ २८ गुणिले २८, म्हणजे ७८४ पटीने कमी होतं. वजन त्याच प्रमाणात राखायचं तर ते सुमारे २२ हजार पटीने कमी व्हायला हवं. खरं पस मॉथ भरलेलं असताना ९३० किलोचं, म्हणजे आमचं ४२ ग्रॅम. कागदावर हे बरोबर आहे, पण ४२ ग्रॅमचं ते पिल्लू मैदानात बाणासारखं सुटणार. आम्ही २० ग्रॅम ठरवले. तरी हिशेबाने वेग ताशी १५ किलोमीटर येतो. ऐकायला सायकलचा वेग, पण त्याला २८ ने गुणा: ४२०! टाटांचं विमान दीडशेच्या थोडं पुढे चालायचं. म्हणजे छोटं विमान खऱ्यासारखं दिसायला हवं असेल तर ते हळू उडायला हवं, आणि हळू उडायचं तर हलकंच असायला हवं. रंगरंगोटी त्यानंतर.

मग ग्रॅमची लढाई सुरू झाली. बाजारातले एक सराफ बाबांच्या ओळखीचे. त्यांच्या काट्यावर आम्ही एकेक तुकडा मांडायचो. पहिल्या दिवशी काका म्हणाले, "मोटर २.८, लिहून घ्या. मोडीत काही मिळणार नाही याचं." तिसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक नसलं की स्वतःच विचारायचे, "आज शेपटी आणली का?" आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहायची आहे. प्रोटॉनहूनही कितीतरी लहान हालचाल टिपणारी यंत्रणा, चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी मंजूर झाले. भाचा म्हणाला, "तोवर आपलं सराफाच्या काट्यावर भागवू."

पंख थर्माकोलचा. टीव्हीच्या खोक्यातला तुकडा घेतला आणि गणपतीच्या मखरासाठी वापरायची ती तापलेली तार लावून तीन मिलिमीटरचे काप काढले. २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोलची मखरं गेली, तार मात्र माळ्यावर होती. अख्खा पंख दीड ग्रॅम! वर पातळ फेव्हिकॉलने पतंगाचा कागद, अर्धा ग्रॅम. (फेव्हिक्विक थर्माकोलला लावू नका, ते थर्माकोल खातं.) पण हा पंख नुसता उचलला तरी लवत होता. त्यात काहीतरी कडक आणि बिनवजनाचं घालायला हवं होतं. मी ऑनलाइन कार्बन फायबरच्या काड्या शोधत बसलो. यायला आठ दिवस.

बाबा हे सगळं चष्म्यावरून बघत होते. उठून शेजारच्या गोठ्यातून ज्वारीचा एक धांडा घेऊन आले. लहानपणी त्याच धांड्याच्या बैलगाड्या त्यांनी आम्हाला करून दिल्या होत्या. पांढऱ्या गराची चाकं, सालीच्या खिळ्या. त्यांनी नखाने साल सोलली, दोन बोटांत वाकवून सोडली. टपकन सरळ. "ही घाल. ताठही राहते आणि वजनही नाही." पंखाच्या लांबीची साल काट्यावर अर्ध्या ग्रॅमच्या आत भरली. कार्बनची ऑर्डर रद्द केली. माझ्या डिग्रीवर बाबांनी बारा वर्षांत कधी शेरा मारला नाही, त्या दिवशीही नाही मारला, पण ताईकडे बघून हसले.

ताकदीचं गणित मला सगळ्यात आवडलं. ही सात मिलिमीटरची मोटर मोकळी सोडली तर मिनिटाला चाळीस-पन्नास हजार फेरे घेते. तिला थेट इवलासा पंखा लावला तर तो थोडी हवा जोरात फेकतो आणि बॅटरी संपवतो. मध्ये ड्रोनचंच गिअर टाकून मोठा पंखा सावकाश फिरवला तर तीच मोटर जास्त हवा हळू ढकलते, आणि त्याच विजेत जास्त ओढ मिळते. २० ग्रॅमच्या विमानाला १०-१२ ग्रॅमची ओढ पुष्कळ. बॅटरी एका सेलची, १५० मिलिअँपिअर-तासाची, चार ग्रॅम. सरळ उडताना अर्धा अँपिअर गेला तर दहा-बारा मिनिटं आरामात. फक्त रिसीव्हर मागवावा लागला, आणि तो एकटाच बाकी सगळ्या विमानापेक्षा महाग.

सगळं मिळून १९.६ ग्रॅम. सराफकाकांनी आकडा पावतीच्या मागे लिहून दिला.

रामलीला मैदानावर सकाळी पावणेसहाला गेलो. मे महिन्यात आठनंतर जमीन तापते आणि हवा असं काही उसळते की वीस ग्रॅमचं काहीही थेट औंढ्याला पोचेल. फिरायला आलेल्या एका काकांनी "परमिशन आहे का?" विचारलंच. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला पायलट परवाना लागत नाही, हे मी पाठ करून गेलो होतो. "किती ग्रॅम?" "वीस." काका तिथेच बाकावर बसले.

पहिल्यांदा हातातून सोडलं, नाक वर करून थबकलं आणि गवतात बसलं. बॅटरी पाच मिलिमीटर पुढे सरकवली. ती वजनाचा पाचवा हिस्सा, त्यामुळे तेवढ्यानेही तोल एक मिलिमीटर पुढे आला. दुसऱ्या वेळी ते गेलं. उगवतीकडे, कमरेच्या उंचीवरून डोक्याच्या उंचीवर, मग झाडांएवढं. पतंगाच्या कागदातून उजेड आला की आत धांड्याच्या सालीची रेघ दिसायची. भाच्याच्या हातात रिमोट होता आणि तो एक शब्द बोलत नव्हता. ताई आली होती, कडेला स्कुटीवर बसून. तिसऱ्या फेरीला म्हणाली, "हे याला लातूरला नेता येईल का रे?" मी म्हटलं, "होस्टेलच्या खोलीत पंखा असतो ताई, राहणार नाही." ती म्हणाली, "हं."

जूनमध्ये तो गेला. विमान बाबांच्या कपाटावर आहे, वर जुना टॉवेल. लिथियमची बॅटरी पूर्ण भरून ठेवली की खराब होते, रिकामी ठेवली तरी होते. ती ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायची असते. जाण्याच्या आदल्या रात्री पोराने मीटर लावून ती ३.८२ ला आणली, चिठ्ठी चिकटवली आणि बाबांना सांगितलं, "आबा, दिवाळीपर्यंत हिला कुणी चार्जिंगला लावू नका."