सोळा चौकटी

माझ्या टेबलाच्या खणात सिनेमाची एक फूटभर फीत आहे. पस्तीस मिलिमीटरची, दोन्ही कडांना भोकं असलेली, एका टोकाला ब्लेडचा तिरपा काप. खिडकीतल्या उन्हात धरली की एकाखाली एक सोळा चौकटी दिसतात. कोकमाच्या आगळात बुडवून काढाव्यात तशा सगळ्या लाल. चौकटीत एक दार आहे. दाराच्या कडीवर बाईचा हात आहे, मनगटात काचेच्या बांगड्या. दार जेमतेम बोटभर उघडलेलं.

ही फीत मला मामानं दिली. मामा वाईतल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. मे महिन्याच्या सुटीत दुपारच्या खेळाआधी तो मला केबिनमध्ये घेऊन जायचा. कार्बनच्या कांड्यांचा जळका वास, यंत्राची टरटर आणि भिंतीतल्या लहानशा चौकोनातून खाली दिसणाऱ्या रिकाम्या खुर्च्या. चित्रपटाची मोठी रिळं पत्र्याच्या डब्यांतून यायची, ट्रेलरचं भेंडोळं मात्र तळहातावर मावायचं. दहा गावं फिरून आलेलं ते भेंडोळं ठिकठिकाणी तुटलेलं असे. मामा खराब झालेला भाग कापायचा, कडा खरवडायचा, फितीचं सिमेंट लावून जोड द्यायचा आणि जोड धरतोय का हे बघायला ते एकदा यंत्रावर चढवायचा. भुताखेतांचा सिनेमा माझ्या वाट्याला आला तो तपासणीच्या त्या दोन मिनिटांतच. कारण ते सगळे चित्रपट फक्त प्रौढांसाठी. एकदा खाली पडलेला तुकडा उचलून मी विचारलं,

"मामा, दाराच्या आत काय आहे?"

"ते बघायला तिकीट काढावं लागतं, भाच्या," मामा म्हणाला, आणि तुकडा माझ्या खिशात घातला.

त्याला आता चाळीस वर्षं होत आली. मामा नाही, टॉकीजही बंद झाली. पण रात्री घरातली निजानीज झाली की मी अजून ट्रेलर बघत बसतो. अमेरिकेतले, साधारण १९५० ते १९८० या काळातले, हाताशी फार पैसा नसलेल्या माणसांनी काढलेल्या भयपटांचे आणि सनसनाटी चित्रपटांचे. एकामागून एक, तासतासभर. खर्जातला एक आवाज बोलायला लागतो, रक्त ठिबकावं तशी अक्षरं पडद्यावर धावून येतात, एक किंकाळी, एक धावणारी सावली, पुन्हा अक्षरं. ओरखड्यांचा पाऊस मध्येच दाटतो आणि विरळ होतो. मला त्या पावसात बसायला आवडतं.

पस्तीस मिलिमीटरच्या फुटाला १६ चौकटी आणि सेकंदाला २४. म्हणजे दोन मिनिटांचा ट्रेलर भरतो १८० फूट. तेवढ्या फितीत समोरच्या माणसाला पुढच्या आठवड्यात परत यायला लावायचं असतं. न्यू जर्सीतल्या कॅम्डेनजवळ ६ जून १९३३ रोजी मोटारीत बसून सिनेमा बघायचं पहिलं मैदान उघडलं, आणि १९५८ च्या सुमारास अमेरिकेत अशी मैदानं चार हजारांहून जास्त झाली होती. उघड्या आभाळाखाली, दव पडलेल्या काचांमागे बसलेल्या तरण्या पोरांसाठी हे ट्रेलर बनत होते. मूळ रिवाज चित्रपट संपल्यावर ते दाखवायचा होता, म्हणून नाव ट्रेलर, मागून येणारं. आमच्याकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे जोडतात त्यालाही हेच नाव आहे. पुढं ट्रॅक्टर दिसतो, पण सगळा माल मागच्यात असतो.

आणि माल कसला, तर बोलण्याचा. लहानपणी पालीच्या खंडोबाच्या जत्रेत एका तंबूत धड नसलेली बाई होती. बाहेर उंच घडवंचीवर एक माणूस भोंगा घेऊन उभा. ती बाई बोलते, पाणी पिते, तुमचं नाव सांगते, असं तो ज्या तळमळीनं ओरडायचा, त्या तळमळीनं कीर्तनकारही क्वचित बोलतात. आत आरशाची करामत आहे हे जत्रेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होतं, तरी रांग हटत नव्हती. अमेरिकेतल्या या धंद्याचा सूरही असाच जत्रेतला. क्रोगर बॅब नावाच्या निर्मात्यानं १९४५ चा 'मॉम अँड डॅड' गावोगाव नेला. बायकांचे खेळ वेगळे, पुरुषांचे वेगळे, मध्यंतरात व्याख्यान, आणि कुणाला चक्कर आलीच तर म्हणून दाराशी पांढऱ्या कपड्यांतल्या नर्स. पुढं हा भोंगेवाला घडवंचीवरून उतरून ट्रेलरमध्ये शिरला.

विल्यम कॅसल या दिग्दर्शकाच्या ट्रेलरमध्ये तर कॅसल स्वतःच उभा असतो. तोंडात सिगार, चेहऱ्यावर लेकरांना गोष्ट सांगणाऱ्या आजोबांची खुशी. त्यानं १९५८ च्या 'मकाब्र'साठी लंडनच्या लॉइड्सकडून विमा उतरवला होता. चित्रपट बघताना भीतीनं कुणी मेलं तर वारसांना हजार डॉलर. १९५९ च्या 'द टिंगलर'साठी काही थिएटरांत खुर्च्यांखाली लहान मोटारी बसवल्या, ऐन प्रसंगी खुर्ची थरथरायची. १९६१ च्या 'होमिसायडल'मध्ये शेवटाआधी पडद्यावर घड्याळ यायचं, आणि ज्यांच्यानं पुढचं बघवणार नाही त्यांना ४५ सेकंदांत उठून पैसे परत घ्यायची मुभा होती. या माणसाला आपल्या प्रेक्षकाची खरी माया होती असं मला मनापासून वाटतं. तुम्ही घाबरावं म्हणून इतका खटाटोप करणारा माणूस तुम्हाला कधी विसरत नाही.

दुसरीकडे होती अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही चित्रपट कंपनी. जेम्स निकल्सन आणि सॅम्युअल आर्कोफ यांनी १९५४ मध्ये सुरू केलेली. निकल्सन अनेकदा आधी नाव शोधायचा, मग पोस्टर काढून घ्यायचा, आणि चित्रपट त्यानंतर. १९५५ चा 'द बीस्ट विथ अ मिलियन आइज' असाच. नावात दहा लाख डोळे देऊन झाले, आणि प्रत्यक्षात पॉल ब्लेस्डेल नावाच्या कारागिराच्या हातात पडले थोडेसे डॉलर. त्यानं त्यातून सुमारे दीड फुटाची बाहुली केली. तिच्याकडे बघताना मला ओढगस्तीच्या घरातली बाई आठवते, जी पाहुण्यांपुढं आहे त्यातूनच चार वाट्या मांडते आणि वाढताना हात आखडत नाही.

रॉजर कॉर्मन या निर्मात्यानं १९७० मध्ये न्यू वर्ल्ड पिक्चर्स काढली, तिथं ट्रेलर कापायच्या टेबलावर जो डांटे आणि ॲलन आर्कुश ही दोन पोरं बसायची. त्यांच्यापाशी एका हेलिकॉप्टरच्या स्फोटाचं जुनं चित्रण होतं. ट्रेलर थंड वाटला की ते हेलिकॉप्टर त्यात घालायचं, चित्रपटात हेलिकॉप्टर असो वा नसो. याच डांटेनं पुढं १९८४ मध्ये 'ग्रेम्लिन्स' दिग्दर्शित केला. एका चौकटीमागून दुसरी कोणती लावली की माणूस श्वास रोखतो, हे तो दुसऱ्यांची रिळं कापताना शिकला होता.

या ट्रेलरांचा लाल रंगही मला फार जवळचा वाटतो. १९५० नंतर सर्रास वापरात आलेल्या ईस्टमनकलर फितीत रंगांचे तीन थर असतात. त्यातला निळसर हिरवा थर वर्षानुवर्षांत विरत जातो आणि मागं उरतो लालगुलाबी. आभाळ लाल, झाडं लाल, मुलीचा पांढरा झगा लाल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टिकाऊ रंगाची फीत आली, तोवरच्या असंख्य प्रती अशाच पिकत गेल्या. रक्त दाखवायला ज्यांनी शेंदरी रंगाचे डबे रिकामे केले, त्यांच्या फितीला काळानं आपणहून तोच रंग दिला.

माझ्या फितीचा रंग मात्र घाटावरचा आहे. वाईहून पसरणीचा घाट चढून पुढं गेलं की महाबळेश्वर. रामसे बंधूंनी 'दो गज जमीन के नीचे' या १९७२ च्या भयपटाचं चित्रीकरण तिथंच केलं. मुक्काम सरकारी विश्रामगृहात. कुमारनं लिहायचं, तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन करायचं, गंगूनं कॅमेरा धरायचा, किरणनं ध्वनी, अर्जुननं संकलन, केशूनं निर्मितीचा भार. सात भाऊ, एक घर. त्याआधी १९७० मध्ये वडिलांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला होता. पण पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून वस्तुसंग्रहालयात चोरी करतात, तेवढ्या प्रसंगाला लोक सावरून बसतात हे भावांनी हेरलं. पडलेल्या चित्रपटातली ती काही मिनिटं त्यांनी उचलली आणि त्यावर सगळं आयुष्य उभं केलं. १९८४ चा 'पुराना मंदिर', १९८८ चा 'वीराना', ही त्याच बीजाची झाडं. घाटाखालच्या टॉकीजमध्ये मामा ज्या चित्रपटांचे ट्रेलर जोडायचा, त्यांत हीच धुकं, हीच दारं असायची.

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. या ट्रेलरांत किंचाळणारी असते ती जवळजवळ नेहमी बाई. तिचा धावता पाय, फाटलेली बाही, उघडं तोंड यांच्यावर तिकिटं विकली गेली. कित्येक ट्रेलर मी अर्ध्यात बंद केलेत, आणि त्यांच्याकडे परत गेलो नाही. जे बघतो, त्यांतही पुष्कळदा खर्जातला आवाज राक्षसाचं नाव दहादा घेतो आणि तिचं एकदाही घेत नाही. म्हणून काही वर्षांपासून मी एक वही केली आहे. किंकाळी ऐकली की ती कुणाची हे शोधतो आणि नाव लिहितो. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८, ज्युडिथ ओ'डे. 'द टेक्सास चेन सॉ मॅसकर', १९७४, मॅरिलिन बर्न्स. तिच्या बोटाला चित्रीकरणात खरोखरच सुरी लागली होती. 'द टिंगलर', ज्युडिथ एव्हलिन. ती त्यात बोलू न शकणारी बाई झाली आहे. कॅसल सगळ्या थिएटरला किंचाळायला सांगतो, आणि चित्रपटाच्या मध्यावर एक बाई अशी, जिला किंचाळता येत नाही. तिचे डोळे बघून मी त्या रात्री पुढचं काही लावलं नाही. 'पुराना मंदिर', आरती गुप्ता. 'वीराना', जस्मिन.

लहानपणी मला दाराच्या आत काय आहे ते हवं होतं. मामाचं उत्तर तेव्हा कोरडं वाटलं, पण धंद्याचं सगळं मर्म त्यात होतं. ट्रेलरला दार उघडून चालत नाही. बोटभर फट ठेवायची, बाकीचं बघणारा आपल्या घरून घेऊन येतो. गरीब निर्मात्यांना हे सगळ्यात आधी कळलं, कारण आत ठेवायला त्यांच्यापाशी दीड फुटाच्या बाहुलीपेक्षा जास्त काही नव्हतं. माझ्या दाराआड गेल्या चाळीस वर्षांत काय काय उभं राहून गेलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

हल्ली फीत उन्हात धरतो तेव्हा नजर दाराकडे जात नाही, हाताकडे जाते. बांगड्या मोजल्या. सहा आहेत. करंगळीचं नख तुटलेलं आहे. बोटं कडीवर घट्ट धरलेली नाहीत, नुसती टेकवलेली आहेत, जसं कुणी आज्ञेची वाट बघत थांबावं. फितीच्या कडेला चित्रपटाचं नाव नाही. त्या बाईचा चेहरा सोळापैकी एकाही चौकटीत नाही. कुणी नायिका असेल, किंवा दिवसाच्या रोजावर आलेली, चेहरा कधीच न दिसलेली एखादी. वाईच्या जुन्या लोकांना विचारलं, रामशांचे मिळतील तेवढे चित्रपट दाराकडे लक्ष ठेवून पाहिले. ती कडी मला अजून सापडलेली नाही.

वहीत आज एकशे बारा नावं आहेत. एकशे तेरावी ओळ मी आकडा घालून मोकळी ठेवली आहे.