नागऱ्याच्या चुलीवरची ब्रोकोली

बीफ-ब्रोकोली हा पदार्थ चीनमधून जसाच्या तसा आलेला नाही. ग्वांगडाँग प्रांतातून अमेरिकेत पोटासाठी गेलेली माणसं घरी गाय-लान नावाची पालेभाजी मोठ्या जाळावर परतून खात. तिकडे ती सहज मिळेना. इटलीहून आलेल्या लोकांनी कॅलिफोर्नियात ब्रोकोली पिकवायला घेतली होती, ती या ग्वांगडाँगच्या माणसांनी कढईत घातली. परमुलखात, हाताशी असेल त्यातून घरची चव गाठणाऱ्यांचं हे रांधणं आहे आणि म्हणूनच मला ते मोलाचं वाटतं.

मग गोंदियाजवळच्या आमच्या नागऱ्यात मी त्यात बीफऐवजी बोकडाचं मटण घालते, तेव्हा पदार्थाशी दगाबाजी होते असं मला वाटत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. इथे हा पदार्थ करायचा तर मांस बदलूनच. आमचं गाव जुन्या शिवमंदिराचं. श्रावणात घरात मटण शिजत नाही, पण गोंदियाच्या बाजारात चांगली ब्रोकोली मिळते ती थंडीत, त्यामुळे अडचण येत नाही.

आपल्याकडे मटण म्हटलं की धीर आलाच. मसाला तेल सुटेपर्यंत परता, मग रटरटू द्या. इथे मात्र सगळा धीर सुरी हातात असताना धरायचा. मांडीचा बिनहाडाचा तुकडा घेऊन त्याचे धागे कुठल्या दिशेने गेलेत ते नीट बघायचं आणि सुरी त्यांना आडवी चालवायची, काप होतील तितके पातळ. धागे आखूड झाले की मटण चावायला सोपं जातं. पाव किलोला पाव चमचा खायचा सोडा चोळून वीसेक मिनिटं ठेवायचं. सोड्याने मांसाचा आम्लपणा उतरतो, त्यातली प्रथिनं जाळावर एकमेकांना आवळत नाहीत आणि आतलं पाणी आतच राहतं. मग धुऊन, पुसून सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर लावायचं.

गॅसपेक्षा मला अंगणातली चूल बरी वाटते. वाळलेली लाकडं धडाडून पेटली की जाळ लोखंडी कढईच्या काठापर्यंत चढतो. तेलातून धूर निघाला की मटण एका थरात पसरायचं आणि हात आवरायचा. बाजू तांबूस झाली की उलटायचं. कढईत गर्दी केली तर पाणी सुटतं, मटण उकडतं आणि चिवट होतं. दोन घाणे करावेत, घाई असली तरी. नंतर त्याच कढईत लसूण, आलं आणि मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढून कोरडी निथळलेली ब्रोकोली. तिचा देठ लोक फेकून देतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. साल काढून चकत्या केल्या तर तो तुऱ्यापेक्षा गोड लागतो. शेवटी मटण, सोया सॉस, चिमूटभर साखर, कॉर्नफ्लोअरचं पाणी. रस चकाकला की कढई खाली.

हा पदार्थ मुळात भात खाणाऱ्यांचा, आणि आमचा जिल्हा धानाचा. घरी भात एचएमटीचा असतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षामागून वर्ष पेरून पारखल्या, आणि हा बारीक तांदूळ उभा राहिला. ब्रोकोलीही अशाच नजरेतून आली. कोबी, फुलकोबी, ब्रोकोली आणि ती गाय-लानसुद्धा, ही सगळी एकाच प्रजातीची झाडं. कुण्या शेतकऱ्याने पानं निवडली, कुणी कळ्या. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. दादाजींचं ठाऊक आहे, आणि मुलांच्या ताटात भात वाढताना मी ते आवर्जून घेते.