आबांच्या खांद्यावरची मॅनलिकर

आमच्या घरात बंदूक कधीच नव्हती. विळा, कोयता, कुऱ्हाड आणि आजीचे मुसळ एवढीच आमची शस्त्रसंपत्ती. तरीसुद्धा लहानपणापासून आमच्या सोप्यात बंदुकीविषयी जितके बोलले गेले तितके पिकापाण्याविषयीही बोलले गेले नसेल. याला कारण आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा. राधानगरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या मालकांकडे एक परदेशी रायफल होती, आणि १९६१ पासून अकरा-बारा वर्षे ती आबांच्या खांद्यावरून रानोमाळ हिंडली. मालक ती चालवीत. आबा ती वाहत.

बंदूक बाळगणाऱ्यांचे अनुभव पुस्तकांतून पुष्कळ आहेत. जिम कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली म्हणून १९०७ साली त्याला रिग्बीची .२७५ रायफल बक्षीस मिळाली. त्या रायफलीचे कौतुक जगभर झाले. बंदूक वाहणाऱ्यांचे अनुभव मात्र माझ्या वाचनात फारसे आले नाहीत. निदान मराठीत तरी नाहीत. आमच्या घरात अक्षराशी गाठ पडलेला मीच पहिला, तेव्हा हे काम माझ्याकडेच येणार!

गावात तिला ‘मॅनलिकर’ म्हणत. खरा उच्चार मानलिशर-शोनाउअर असा काहीसा आहे. ऑस्ट्रियातल्या स्टायर गावच्या कारखान्यात ती बनत असे. १९०३ साली ग्रीक सैन्याने ही जात स्वीकारली आणि मग तिचाच शिकारी अवतार जगभरच्या शौकिनांकडे गेला. मालकांच्या वडिलांनी स्वातंत्र्यापूर्वी ती मुंबईहून आणली होती. तालुक्यातल्या इतर परवानेदारांकडे .३१५ बोअरच्या रायफली असत. लष्कराची .३०३ खाजगी माणसाला बाळगता येत नाही, म्हणून हिंदुस्थानात .३१५ चा प्रघात पडला; आपला इशापूरचा सरकारी कारखानाही तीच काढी. ती दणकट, पण ओबडधोबड. तिच्यापुढे मॅनलिकर म्हणजे बैलगाड्यांच्या अड्ड्यात उभी राहिलेली राजवाड्याची बग्गी.

तिची नळी साडेसहा मिलिमीटरची. गोळी शिसपेन्सिलीहूनही बारीक, पण लांबलचक आणि आत खोल जाणारी. दस्त्याचे अक्रोडी लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत गेलेले, म्हणजे नळी जणू लाकडी म्यानात निजलेली. पोटात पाच काडतुसे मावत, तीही एकावर एक रचलेली नव्हे; आत एक फिरता रूळ, त्याला खाचा, आणि दर खाचेत एक काडतूस. आबा म्हणायचे, “गुऱ्हाळातला चरक बघितलास न्हवं? तसंच फिरतंय, पर आवाज न्हाई.” शोनाउअर नावाच्या कारागिराची ही करामत. आणि बोल्ट! बोल्टची मूठ चमच्यासारखी चपटी. नळी आभाळाकडे करून मूठ उचलली की बोल्ट आपल्याच वजनाने मागे घसरे, नळी खाली केली की पुढे जाई. आलेल्या-गेलेल्या पाहुण्यांना मालक हा खेळ करून दाखवीत. आबांनी मला तो नुसत्या हातवाऱ्यांनी इतक्यांदा दाखवला आहे, की रिकाम्या हवेतही मला तो बोल्ट सरकताना दिसतो.

दाजीपूरचे रान पूर्वी कोल्हापूरच्या महाराजांचे राखीव शिकारीचे रान. १९५८ साली तिथे गव्यांसाठी अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले पहिले. आमच्या मालकांची शिकार त्याच्या हद्दीबाहेर, बहुतेक शिवारालगतच्या रानडुकरांची. भात पोटरीला आले की डुकरे उतरत आणि एका रात्रीत बांधभर पीक लोळवून जात. मग हाका निघे. डबे बडवीत, आरोळ्या ठोकीत माणसे झाडीतून पुढे सरकत. पलीकडच्या खिंडीत मालक बसलेले, शेजारी आबा. जुन्या शिकारीच्या छायाचित्रांत पुढे जनावर असते, त्यावर पाय ठेवलेला साहेब असतो आणि मागे अनवाणी माणसांची एक रांग असते. त्या रांगेतल्या माणसांची नावे फोटोखाली छापलेली नसतात. आमचे आबा त्या रांगेतले.

संध्याकाळी वाड्यावर परतले की मालक हातपाय धुऊन चहाला बसत आणि आबांचे खरे काम सुरू होई. प्रथम नळीतून कढत पाणी ओतायचे. याचे मला नवल वाटे. लोखंडाला पाणी कसे चालेल? पण जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या दारूचा क्षार नळीत राहतो, तो ओल ओढून घेतो आणि नळी गंजते. हा क्षार तेलाने विरघळत नाही, पाण्यानेच विरघळतो. पाण्यानंतर कोरडी चिंधी, मग तेल. रसायनशास्त्राचा तास न केलेल्या माणसाला हे ठाऊक होते. इशापूरवाले कित्येक परवानेदार नुसते तेल लावून मोकळे होत आणि दोन-चार पावसाळ्यांत त्यांच्या नळ्यांना आतून देवीचे वण पडत. मॅनलिकरची नळी अखेरपर्यंत आरशासारखी राहिली. मालक पाहुण्यांना सांगत, “ऑस्ट्रियाचं पोलाद आहे हे!”

आणखी एक गोष्ट आबांना कळली होती, ती मालकांना कळली नव्हती. उन्हाळ्यात ही रायफल सुतात मारी. पावसाळा सरता सरता मात्र गोळी चार बोटे उजवीकडे जाई. मालक कधी वाऱ्याला दोष देत, कधी काडतुसाला, कधी चष्म्याला. आबांनी पाहिले होते की चैत्रात नळी आणि लाकूड यांच्या फटीत पोस्टकार्ड सरकते, भाद्रपदात सरकत नाही. लाकूड राधानगरीचा पाऊस पिऊन फुगे आणि नळीला एका अंगाने रेटी. स्टायरच्या कारागिरांनी घाटावरचा आषाढ कशाला पाहिला असणार!

पण मालकांना सांगणार कोण? “मालकाच्या बंदुकीला खोट काढायची म्हंजे मालकालाच खोट काढल्यागत,” आबा म्हणतात.

१९६८ च्या भाद्रपदात हाका झाला. साठ-सत्तर पावलांवर एक जाणता एकुलगा डुक्कर उभा ठाकला. मालकांनी खांद्यामागची जागा धरली. गोळी पोटात लागली. जखमी डुक्कर करवंदीच्या जाळीत शिरला. रक्ताच्या मागाने जाणे आले, आणि मागावर पुढे असतो तो नेहमी काठीवाला. त्या दिवशी पुढे आबांचा धाकटा भाऊ होता, वय वर्षे अठरा. जनावर जाळीतून सरळ अंगावर आले आणि मांडीपासून गुडघ्यापर्यंत सुळ्याने फाडीत गेले. आबांच्या हातात मॅनलिकर होती, चार काडतुसांनी भरलेली. मालक दहा पावले मागे चिखलात घसरले होते. आबांनी रायफल झाडली नाही. मालकाशिवाय कुणी चापाला बोट लावले तर हातात बेडी पडते, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांनी धावत मागे जाऊन रायफल मालकांच्या हाती दिली. दुसऱ्या गोळीने डुक्कर पडला.

मालक माणूस वाईट नव्हते. जीप काढून त्यांनी धाकट्या आजोबांना कोल्हापूरला नेले, दवाखान्याचा सगळा खर्च केला, पुढे दर दिवाळीला धान्य पाठवले. धाकटे आजोबा जगले. पण आयुष्यभर पाय ओढीत चालले.

त्यानंतरच्या अमावास्येला आबांनी वाड्याच्या माडीवर कंदील लावून रायफलीचे दोन स्क्रू सोडवले, दस्ता वेगळा केला आणि काचेच्या फुटक्या तुकड्याने आतले लाकूड खरवडले. सुताराची रंधा मारून झाल्यावर काच फिरवायची रीत त्यांनी पाहिलेली होती. पोस्टकार्ड सहज सरकेल इतके लाकूड काढले, खरवडलेल्या जागी जवसाचे तेल जिरवले, सगळे होते तसे बसवले. पुढच्या पावसाळ्यापासून गोळी उजवीकडे जायची थांबली. मालक म्हणाले, “आता कुठे रायफल माझ्या हाताला बसली!” आबांनी मान डोलावली.

मध्यंतरी ग्रंथालयात हेमिंग्वेच्या कथा हाती लागल्या. फ्रान्सिस मॅकोम्बरच्या कथेत नेमकी साडेसहाची मॅनलिकर निघाली! आफ्रिकेत रानरेडा अंगावर येतो, बायको गाडीतून गोळी झाडते आणि ती रेड्याऐवजी नवऱ्याच्या डोक्यात बसते. तिने ती मुद्दाम झाडली की चुकून, यावर विद्वानांचा वाद आहे. मी ही कथा आबांना सांगितली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, “पाऊस पडून गेला व्हता का?”

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि शिकारीचे दिवस आटोपत गेले. १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली दारेही लागली. स्टायरच्या कारखान्यानेही सत्तरीच्या आरंभीच ही जात बनवणे थांबवले. परदेशी काडतुसे मिळेनाशी झाली. आपल्या कारखान्यांत साडेसहाची निघत नाहीत. मालकांच्या डब्यात शेवटी सात उरली, ती सातच राहिली. पुढची पन्नास वर्षे रायफलीचा प्रवास एकच, वाड्यातून पोलीस ठाण्यात आणि ठाण्यातून वाड्यात. निवडणूक लागली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येई. २०२४ साली तर लोकसभेला एकदा आणि विधानसभेला एकदा अशी दोनदा वारी घडली. ऐंशीला टेकलेले आबा दोन्ही वेळा घोंगडी घेऊन वाड्यावर हजर. त्यांच्याशिवाय तिला गुंडाळणार कोण?

त्याच वर्षी १ ऑगस्टला आमच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. माझ्या मोबाईलवर आबांनी तो सामना डोळ्याला अगदी चिकटवून पाहिला. गुडघ्यावर, पालथे, उभे. एकेक गोळी भरायची, एकेक झाडायची. त्यांनी पदकाविषयी काही विचारले नाही. “आणणारा त्योच, पुसणारा त्योच, आन् मारणारा बी त्योच?” एवढेच विचारले. मी होय म्हटल्यावर बराच वेळ गप्प बसले.

गेल्या वर्षी मालक वारले. धाकटे मालक पुण्यात नोकरीला असतात. परवानेदार गेल्यावर शस्त्र घरात ठेवता येत नाही. ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते आणि वारसाला हवे असेल तर त्याने आपल्या नावे परवाना मागावा लागतो. नव्या नियमांत शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षणही सांगितले आहे. धाकट्या मालकांनी आयुष्यात तो बोल्ट कधी ओढलेला नाही. “कागद जरा लावून दे, तू कॉलेजात आहेस,” म्हणून त्यांनी मला बोलावले. मी आणि आबा माडीवरची पत्र्याची ट्रंक उघडून बसलो.

कसरीने खाल्लेल्या पावत्यांखाली १९६४ सालचे परवान्याचे पुस्तक निघाले. त्यात एक रकाना होता. ‘रिटेनर’, म्हणजे परवानेदारातर्फे शस्त्र बाळगण्याची मुभा असलेला त्याचा माणूस. त्या रकान्यात निळ्या शाईने, इंग्रजीत, आबांचे संपूर्ण नाव लिहिलेले होते. वडिलांच्या नावासकट, गावासकट.

मी ते दोनदा वाचले. मग मोठ्याने वाचले. मग त्याचा अर्थ सांगितला, की १९६८ च्या त्या दुपारी त्यांनी चापाला बोट लावले असते तरी बेडी पडली नसती. हे सांगताना माझा आवाज चढला होता, हे मला नंतर जाणवले. चार वर्षे तो कागद वाड्यात होता! इतक्या वर्षांत कुणीतरी एकदा वाचून दाखवायला नको होता?

आबांनी पुस्तक माझ्या हातातून घेतले, खिडकीच्या उजेडात धरले. “कुठं हाय?” मी बोट ठेवले. त्यांनी त्या ओळीवरून आपला अंगठा हळूच फिरवला. “मालकानं माझं नाव घातलं व्हतं म्हंजे,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मला हवा होता तो राग नव्हता. ते खुशीत होते. परतताना वाटभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही, आणि त्या गोष्टीवर आमचे अजूनही जमलेले नाही.

शेवटी धाकट्या मालकांनी परवान्याचा नाद सोडला. रायफल विकायची ठरवून आम्ही तिघे कोल्हापुरातल्या एका विक्रेत्याकडे गेलो. त्याने नळीत बॅटरी मारून पाहिली आणि शीळ घातली. एवढी जुनी आणि नळी इतकी स्वच्छ त्याने पाहिली नव्हती म्हणे. मग त्याने दस्ता सोडवला आणि त्याचे तोंड पडले. “आतून कुणीतरी लाकूड खरवडलंय. मूळ जसंच्या तसं असतं तर शौकीन माणसानं चार पैसे जास्त मोजले असते.”

“कुणी केलं असेल हे?” धाकट्या मालकांनी विचारले.

मी आबांकडे पाहिले. ते खुर्चीवरून उठून टेबलापाशी आले.

“पावसाळ्यात लाकूड फुगतंय, मालक. नळीला रेटतंय. खरवडलं न्हाई तर गोळी सरळ जाईल व्हय?”

विक्रेता त्यांच्याकडे बघतच राहिला. “आजोबा, तुम्ही चालवत होता काय ही रायफल?”

“न्हाई,” आबा म्हणाले. “पर माझं नाव हाय तिच्या परवान्यात.”

त्याने पावती फाडली. रायफल अजून त्याच्याकडेच आहे. मी मधूनमधून त्या रस्त्याने जातो तेव्हा चौकशी करतो. गिऱ्हाइके येतात, बोल्ट मागेपुढे करून पाहतात, साडेसहाची काडतुसे कुठे मिळतील असे विचारतात आणि जातात. घरी गेलो की आबांचा प्रश्न ठरलेला असतो. दुकानाच्या कुठल्या भिंतीला ठेवलीय ती, आणि त्या भिंतीला ओल येते का?