झेंड्याची जागा

गोल्फ हा खेळ आमच्या पिढीतील मध्यमवर्गीय बडोदेकरांनी भिंतीबाहेरूनच पाहिला. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचे मैदान आहे, एवढे ठाऊक होते; त्या हिरवळीवर पाऊल ठेवण्याचा योग मात्र सेवानिवृत्तीनंतर आला. आमच्या पुतण्याला या खेळाचा नाद. एका स्पर्धेच्या दिवशी भल्या पहाटे तो आम्हांला घेऊन गेला. "काका, खेळ नंतर बघा. आधी झेंड्याची जागा कशी ठरवतात ते बघा," असे तो म्हणाला. त्यात बघण्यासारखे ते काय असणार, असे तेव्हा आम्हांला वाटले.

चेंडू ज्या खळग्यात घालायचा त्याचा व्यास सव्वाचार इंच. 1891 पासून हे माप नियमाने बांधलेले आहे. माप अचल, जागा मात्र चल. बारीक कापलेल्या ज्या हिरवळीवर हा खळगा असतो तिला 'ग्रीन' म्हणतात, आणि मोठ्या स्पर्धांत प्रत्येक फेरीसाठी ग्रीनवरील खळग्याची जागा बदलतात. एक कारण साधे आहे. एकाच जागेभोवती पावले पडत राहिली की गवत तुडवले जाते. म्हणून नळकांड्यासारख्या हत्याराने नव्या जागी खळगा पाडतात आणि निघालेला मातीगवताचा गोळा जुन्या खळग्यात बसवून तो बुजवतात.

दुसरे कारण परीक्षेचे. अठरा खळगे पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे असे वाटून द्यावयाचे, म्हणजे एकाच धाटणीच्या खेळाडूला झुकते माप मिळत नाही. काही जागा अवघड, काही मध्यम, काही सोप्या. ग्रीनच्या कडेपासून साधारण चार पावले तरी आत राहावे, असा संकेत आहे. खळग्याभोवतीची दोन-तीन फूट जमीन शक्यतो एकसारखी असावी. शिवाय वाऱ्याचा व पावसाचा अंदाज घ्यावयाचा. ग्रीनचा वेग मोजण्यासाठी 'स्टिंपमीटर' नावाची 36 इंच लांबीची पन्हळ असते. तिच्यावरून सोडलेला चेंडू सपाटीवर किती फूट जातो, तो त्या ग्रीनचा वेग. वेग जितका अधिक, तितका खळग्याजवळचा उतार कमी हवा. या साऱ्याच्या मुळाशी एकच कसोटी आहे : नीट मारलेला चेंडू खळग्याजवळ थांबला पाहिजे.

ही कसोटी थोरामोठ्यांच्या हातूनही सुटते. 1998 च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबवर, दुसऱ्या फेरीत अठराव्या ग्रीनवरचा खळगा उतारावर पाडला गेला होता. पेन स्टुअर्टने जवळून मारलेला चेंडू खळगा चुकला आणि उताराला लागून दूरवर घरंगळत गेला. ती स्पर्धा तो अखेर एका फटक्याने हरला. 2018 मध्ये शिनेकॉक हिल्स येथे तिसऱ्या फेरीच्या दिवशी दुपारी वाऱ्याने ग्रीन वाळले आणि सकाळी रास्त वाटलेल्या काही जागा निर्दय ठरल्या. सकाळी खेळलेल्या दोघांनी 66 फटक्यांत फेरी संपवली. दुपारी खेळलेल्या अग्रेसरांची त्रेधा उडाली. खळगा सर्वांना एकच होता, पण परीक्षा एक राहिली नाही. आयोजकांनी त्याच सायंकाळी चूक मान्य केली.

हे सारे पुतण्याच्या तोंडून ऐकत असता आम्हांला 1987 चा दुष्काळ आठवला. गुजरातेतील एका तालुक्यात आम्ही तेव्हा नव्यानेच नायब मामलतदार झालो होतो. तीन गावांसाठी सवलतीच्या गवताचा डेपो कोठे उघडावा, हे ठरवण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही नकाशा पसरला, पट्टी लावली आणि तिन्ही गावांपासून जवळपास सारख्याच अंतरावरची, ट्रक थेट पोहोचेल अशी सडकेलगतची जागा निवडली. निःपक्षपातीपणाचा नमुना म्हणून आम्हांला त्या निवडीचा अभिमानही वाटला होता.

दोन गावांचे ठीक चालले. तिसरे गाव मात्र कोरड्या नदीपलीकडे होते. येताना रिकामी गाडी वाळूतून कशीबशी निघे; परतताना भरलेल्या गाडीची चाके रुतत, आणि उपाशी बैलांत ती ओढून काठ चढण्याचे त्राण नसे. नदीपात्राचे हे दुखणे नकाशावर दिसत नव्हते, आणि आम्ही ती वाट एकदाही चाललो नव्हतो. अकरा दिवसांनी त्या गावचा एक वृद्ध खेडूत कचेरीत आला. त्याचा एक बैल गेला होता. आवाज न चढवता तो आपल्या गुजरातीत म्हणाला, "साहेब, जागा ठरवण्याआधी एक फेरा माझ्या गाडीत बसून यायचे होते." दुसऱ्याच दिवशी आम्ही नदीपलीकडे उपडेपो उघडला. कागदावर 'गैरसोय दूर केली' असा शेरा पडला. त्या बैलाची नोंद त्यात नव्हती.

मैदानावर उजाडले होते. हत्यार हाती घेतलेल्या माणसाने एका जागी खूण केली, पण लगेच खळगा पाडला नाही. त्याने खिशातून चेंडू काढला आणि चारी बाजूंनी त्या खुणेकडे हळूच घरंगळत सोडून पाहिला. तीन बाजूंनी चेंडू जवळ थांबला. वरच्या बाजूने सोडलेला मात्र पाच-सहा फूट पुढे गेला. त्याने मान हलवली, खूण पुसली आणि दोन पावले खाली सरकून पुन्हा चारी बाजूंनी चेंडू सोडला.

"तिन्हीकडून तर थांबत होता," आम्ही म्हणालो.

"वरून येणाऱ्यालाही खेळायचेच आहे ना, साहेब," तो म्हणाला आणि गुडघे टेकून खळगा पाडू लागला.

पुतण्याने आम्हांला पुढच्या ग्रीनकडे बोलावले. आम्ही मात्र ते काम पुरे होईपर्यंत तेथेच उभे राहिलो.