लेथवरची धूळ जन्मते तिथेच धरायची

भात झोडून झालं, पेंढा रचला, वालही टाकून झाला. सफाळ्यात आमच्याकडे आता हत्यारांच्या मुठी-दांड्यांचं काम निघतं. कोयत्याची मूठ, विळ्याची मूठ, चार लाटणी, शेजाऱ्यांच्या पाळण्याचा एखादा खांब. पडवीत लेथ आहे, वाडीतलं सुकलेलं आंब्या-चिंचेचं लाकूड आहे. म्हणून आजची नोंद पिकाची नाही, लाकडाच्या धुळीची आहे.

पटाशीने लाकूड उतरवताना सालपटं निघतात. ती जड, पायाशी पडतात, झाडून घेता येतात. खरा त्रास पॉलिश पेपर लावल्यावर सुरू होतो. 80 नंबरचा पेपर रवा काढतो, 220 नंबरचा पीठ. या पिठातले 10 मायक्रॉनच्या खालचे कण नाकात न अडकता खाली छातीत जातात. आपला केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. कौलातून कवडसा पडला की त्यात धूळ नाचताना दिसते. सगळ्यात बारीक असते ती तर तिथेही दिसत नाही.

आमच्या काकांनी तीस वर्षं पलंगाचे पाय आणि पाळण्याचे खांब कातले. आता जिना चढताना दोनदा थांबतात. डॉक्टरांनी पहिला प्रश्न बिडीचा विचारला. काकांनी जन्मात बिडी ओढलेली नाही. दुसरा प्रश्न कामाचा होता, आणि तिथे उत्तर सापडलं: दमा, लाकडाच्या धुळीचा. शिसव आणि सागाची धूळ तर काहींच्या अंगावर पुरळही उठवते. 1960 च्या दशकात इंग्लंडमधल्या हाय विकम भागातल्या फर्निचर कामगारांत नाकाच्या आतला कर्करोग जास्त आढळला. पुढे 1995 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकली.

यंदा माझा पुतण्या लेथ शिकायला उभा राहतोय. काकांनी अट घातली, "आधी धूळ धरा, मग पोराला उभं करा."

आता धरायची कशी? पुष्कळ ठिकाणी मागे भिंतीत एक्झॉस्ट पंखा लावलेला असतो. त्याने धूळ बाहेर जाते, पण आपल्या नाकावरून जाते. चुलीची फुंकणी आठवा. हातभर लांबून फुंकलं तरी निखारा फुलतो. त्याच फुंकणीतून श्वास आत ओढून बघा (राखेशी नको!), चार बोटं लांबची चिमूटभर रांगोळीही हलत नाही. फुंकर लांब जाते, ओढ तोंडाशीच संपते. पाइपच्या तोंडापासून पाइपच्या जाडीएवढं अंतर गेलं की ओढीचा वेग जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणजे 4 इंची पाइप असेल तर 4 इंचांवरच जोर संपला. 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 14 मध्येही हेच लिहिलं होतं: ओढ लावायची ती धूळ निघते त्याच्या शक्य तितकी जवळ. पडवीतल्या एकट्या लेथला तो कायदा लागत नव्हता, छातीला मात्र लागतो.

आम्ही केलेली मांडणी अशी:

1. तोंड: तेलाचा 15 किलोचा पत्र्याचा डबा एका बाजूने कापून, कडा दुमडून, जॉबच्या मागे खालच्या अंगाला बसवला. जॉब वरून आपल्याकडे येतो आणि खालून मागे जातो. त्यामुळे पेपर खालून धरला की धूळ सरळ डब्यात उडते, आणि हिसका बसला तरी हात जॉबपासून लांब जातो.

2. पाइप: पाण्याच्या लाइनचा उरलेला 110 मिमीचा पीव्हीसी. काटकोनी बेंडऐवजी दोन अर्धे बेंड वापरले. डब्याजवळ तेवढा पंपाच्या सक्शन होजचा हातभर तुकडा. लांबी कमी तेवढी ओढ जास्त.

3. सायक्लोन: भात गिरणीच्या छपरावर नरसाळ्यासारखा पत्र्याचा शंकू बघितला असेल, त्याचाच छोटा भाऊ. हवा कडेने शिरून गरगर फिरते, जड भुसा खालच्या 200 लिटरच्या ड्रममध्ये पडतो, हवा मधून वर निघते. याचं पहिलं पेटंट अमेरिकेत 1885 चं.

4. ब्लोअर: 1 एचपीचा जुना, बोईसरच्या भंगारातून. सायक्लोनच्या पुढे लावला, म्हणजे ढलप्या पात्यांवर आपटत नाहीत.

5. बाहेरचं तोंड: सायक्लोन सगळ्यात बारीक पीठ धरत नाही, कापडी पिशवीतूनही ते निसटतं. म्हणून हवा पडवीबाहेर, घर आणि वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब सोडली. पावसासाठी बेंड खाली वळवून जाळी लावली.

तपासायला अगरबत्ती घ्या. पेपर धरतो तिथे धूर धरा. तो मुकाट डब्यात गेला पाहिजे. वर तरंगला तर डबा आणखी जवळ घ्या.

तीन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. याच डब्यासमोर कोयत्याला ग्राइंडरने धार लावू नका. एक ठिणगी ड्रममधल्या भुशाला पुरते. गळ्यात गमछा, हातात मोजे घालून लेथवर उभं राहू नका आणि पेपर बोटाला गुंडाळू नका. आणि एन-95 मास्क चालूच ठेवा. रुमाल मास्कचं काम करत नाही.

ड्रममधल्या भुशाबद्दल कृषी खात्यातले मित्र विचारतीलच. ताजा भुसा मिरची-वांग्याच्या रोपांत मिसळू नये. तो कुजताना जमिनीतला नत्र ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात. ताज्या शेणाबरोबर थर देऊन, ओल ठेवून, पुरता कुजल्यावरच वापरा. प्लायवूडचा किंवा रंग-पॉलिश लागलेला भुसा शेतात नकोच.

सावंतवाडीची लाकडी फळं असोत की आपल्या कोयत्याची मूठ, पॉलिश पेपरचा हात फिरतोच. ज्यांच्या घरी लेथ आहे त्यांनी हे करून बघा. कोणी याहून सोपा डबा बसवला असेल तर फोटो टाका, आम्ही आमचा बदलू.